वानखडे सरांच्या फोनवरचा चंद्र

रिंग पूर्ण वाजली आणि आपोआप बंद झाली. मी परत लावला. परत तेच. फोन बंद नव्हता, रेंजबाहेर नव्हता, नंबर चुकीचा नव्हता. अकोल्यातल्या कुठल्यातरी घरात तो वाजत असणार, आणि कोणी उचलत नव्हतं.

अमरावतीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी आय बँकेचा कोऑर्डिनेटर आहे. मृत्यूनंतर दान केलेले डोळे आणायचे, त्यांची तपासणी करून घ्यायची आणि यादीत ज्याचा नंबर असेल त्याला बोलवायचं, हे माझं काम. पूर्ण डोळा कोणाला बसवत नाहीत, हे मला रोज सांगावं लागतं. आपल्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते. तिला कॉर्निया म्हणतात. ती पांढरी पडली की दिसत नाही. तेवढी काच बदलतात. काढलेला कॉर्निया एका द्रावणात घालून फ्रीजमध्ये ठेवला तर काही दिवस टिकतो. त्यातले बरेचसे दिवस तपासण्यांचे रिपोर्ट येण्यातच जातात.

त्या दिवशी रिपोर्ट चांगले आले होते आणि नंबर वानखडे सरांचा होता. नाव बदललं आहे. सर अकोल्याचे, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. भावाच्या शेतात फिरताना पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी डोळ्यात गेली. जखम पिकली, पुढं बरी झाली, पण काच पांढरी करून गेली. दुसरा डोळा लहानपणापासूनच अधू. नोंदणीच्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, किती दिसतं? हा प्रश्न मी आकड्यात उत्तर मिळावं म्हणून विचारतो. सर म्हणाले होते, "ओल्या कागदावर रंग सोडल्यासारखं. रंग आहेत साहेब, कडा नाहीत. माणूस बोलला की समजते कोण आहे. जो बोलला नाही तो माह्यासाठी आलाच नाही."

हे रकान्यात कुठं लिहायचं, मला समजलं नाही. मी 'हालचाल ओळखतात' एवढं लिहिलं.

आमच्या सर्जन मॅडम खोलीत डोकावल्या.

"लागला?"

"रिंग जातेय मॅडम."

"रिंग जाणं आणि पेशंट येणं यात फरक आहे. केस उद्या सकाळी आहे. रात्रीच्या आत भरती पाहिजे, साखर-बीपी बघायचं आहे. माझी ओपीडी संपेपर्यंत सापडले तर ठीक, नाहीतर पुढचं नाव घ्या."

यात चुकीचं काही नव्हतं. पुढचं नाव मोर्शीकडच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं आणि त्यांची गरजही खरी होती. कॉर्निया वाया जाणार नव्हता. सरांची पाळी जाणार होती. पुढचा कॉर्निया कधी येईल हे कोणालाच सांगता येत नाही, कारण त्यासाठी कोणाच्या तरी घरी दुःख व्हावं लागतं आणि त्या दुःखात त्या घराला आमची आठवण यावी लागते.

फोन स्पीकरवर टाकून मी टेबलावर ठेवला. थंडीतली दुपार होती. खिडकीतून ऊन आत येऊन फ्रीजच्या दारावर पडलं होतं आणि फ्रीज हळू गुणगुणत होता. रिंग वाजत होती. बसल्या बसल्या ती मला जाताना दिसू लागली. बडनेऱ्याच्या पुढं, मूर्तिजापूरवरून, वेचणीला आलेल्या पांढऱ्या वावरांवरून एक बारीक आवाज तरंगत चालला आहे. अकोल्यात तो एका घरात शिरतो. तिथं फोन आडवा पडलेला आहे, त्याची काच उजळते, छतावर थोडा उजेड पडतो आणि मावळतो. शेजारीच एक माणूस बसलेला आहे. त्याला उजेडाची चाहूल लागते. तो मान वळवतो. पण उजेड काही बोलत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी आलेलंच नसतं.

असं मनात येणं माझ्या स्वभावात नाही. मी उठून पाणी प्यालो आणि रीतसर विचार करायला बसलो.

रिंगशिवाय आमच्याकडून दोन गोष्टी जातात, एक एसएमएस आणि एक व्हॉट्सअॅप. व्हॉट्सअॅपवर दोन टिका दिसत होत्या, करड्या. एक टीक म्हणजे मेसेज निघाला. दोन म्हणजे समोरच्या फोनमध्ये पोचला. निळ्या झाल्या की वाचला. म्हणजे सरांचा फोन चार्ज होता, इंटरनेट चालू होतं, मेसेज फोनपर्यंत पोचला होता. राहिलं होतं ते शेवटचं हातभर अंतर. नोंदणीत दिलेला दुसरा नंबर आता अस्तित्वात नव्हता.

अकोल्यात माझा मेव्हणा असतो, प्रमोद. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला फोन करून सरांचा पत्ता सांगितला.

"भाऊजी, तुमी मले कधी दिवाळीले फोन केला नाई," तो म्हणाला, "आन आता दुसऱ्याच्या घरी पाठवून राहिले. गिऱ्हाईक बसलं हाये इथं."

मी त्याला फ्रीजमध्ये काय ठेवलं आहे ते सांगितलं. गिऱ्हाइकाला थांबायला सांगून त्यानं फोन ठेवला. थोड्या वेळानं त्याच्याच फोनवरून एका बाईंचा आवाज आला. सरांच्या पत्नी, शांताबाई.

मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, सकाळपासून फोन करतोय, तुमचा फोन कुठं आहे?

"हा काय, समोरच हाये. सायबाच्या उशाशीच राह्यते." सरांना त्या साहेब म्हणत. "वाजला तं नाई. चालू हाये पण. काल पोरीचा वाजला ना, नागपूरवरून."

घरात फोन हा एकच. मुलीचा वाजतो, माझा वाजत नाही. मी म्हटलं, फोन हातात घ्या आणि वरच्या पट्टीत काय काय दिसतं ते सांगा.

"वर टाइम हाये. बॅटरी हाये. आन चंद्र हाये."

"चंद्र?"

"कोर. बारकीशी. तिथी दाखवते ना तो. पण बरोबर दाखवत नाई साहेब. मागच्या पुनवेपासून पाहून राहिली मी, कोर ते कोरच. वाढतच नाई. उद्या पौर्णिमा आली, मले उपोसथ धरायचा हाये, अन् याच्यात अजून बीजच हाये."

बाई दर पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे उपोसथाचे आठ नियम, पाळतात, विहारात जातात. फोनवर चंद्र दिसला की तो तिथीचा असणार, हे त्यांना विचारायची गरजच वाटली नव्हती. मला हसू आलं नाही. उलट क्षणभर वाटलं, तो चंद्र खरंच तिथीचा असता तर किती बरं झालं असतं.

ती कोर म्हणजे फोनला झोपवल्याची खूण. इंग्रजीत डू नॉट डिस्टर्ब. ती लावली की कॉल येतात, मेसेज येतात, अॅपच्या सूचना येतात, पण आवाज होत नाही. येणाऱ्याला वाटतं, दार वाजवलं. आतल्याला काही ऐकू जात नाही. यातून फक्त तारा दिलेल्या नंबरांना सूट असते, म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये नावापुढं चांदणीची खूण केलेल्यांना. सरांच्या फोनमध्ये अशी चांदणी एकाच नावाला होती, मुलीच्या. म्हणून काल फोन वाजला, आणि म्हणूनच तो बिघडला आहे अशी शंका कोणाला आली नाही.

लावली कोणी, तेही बाईंनी सांगितलं. सरांना दिसत नाही म्हणून मुलीनं फोन बोलका करून दिला होता. जे येईल ते फोन मोठ्यानं वाचून दाखवायचा. पण फोनला महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं सारखंच. कर्ज घ्या, रिचार्ज संपत आला, अमक्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या, दिवसभर चालायचं. मागच्या पौर्णिमेला विहारात सगळे वंदनेला बसले असताना सरांच्या खिशातून एक बाई बोलू लागली, अभिनंदन, आपण भाग्यवान विजेते आहात. भन्तेजीसुद्धा थांबले. मुलगी सोबत होती. तिनं तिथंच पटकन चंद्रावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला गेली. घर शांत झालं. दोघांनाही ती शांतता आवडली.

मी बाईंना म्हटलं, काचेच्या वरच्या कडेपासून बोट खाली ओढा. चौकोन दिसतील. चंद्राच्या चौकोनावर काय लिहिलं आहे?

"व्यत्यय आणू नका," त्यांनी वाचलं.

"त्यावर बोट दाबा."

त्यांनी दाबलं नाही. "ते वाचूनच तं मी हात नाई लावला कधी. मले वाटलं, पोरगीच लिहून गेली, आईनं छेडू नये म्हणून."

माझ्या कानात प्रमोदचं हसणं आलं. मग बाई म्हणाल्या, दाबलं, गेला चंद्र.

"आता मी दुसऱ्या फोनवरून लावतो. हा ठेवू नका."

टेबलावरच्या फोनवरून लावला. एका कानात माझी रिंग सुरू झाली, आणि दुसऱ्या कानात, शंभर किलोमीटरवरच्या त्या खोलीतून, तीच रिंग वाजताना ऐकू आली. थोडी मागेपुढे. मघाशी मी जे मनात बघितलं होतं ते आता ऐकत होतो. मग ती थांबली आणि दोन्ही कानांत एकच आवाज आला.

"कोण हाये?" सरांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. सांगितलं की तुमचा नंबर लागला आहे, आज रात्रीच्या आत अमरावतीला यायचं आहे.

सर अगदी हळू म्हणाले, "साहेब, मले दुपारून सारखं वाटून राहिलं होतं, कोणी तरी आलं हाये म्हणून. मी दोनदा कोण म्हणून विचारलं. ही म्हणे, कोणी नाई."

मी मॅडमकडे गेलो. ओपीडीत शेवटचे दोन-तीन पेशंट उरले होते. त्यांनी वर न बघता विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं, फोन झोपला होता. त्या म्हणाल्या, ठीक आहे, बेड लावायला सांगा.

प्रमोदनं दोघांना एसटीत बसवून दिलं आणि मला कळवलं की दिवाळीचा हिशोब मिटला. रात्री सर भरती झाले, सकाळी केस झाली. शिवणकामवाल्या बाईंना पुढं उन्हाळ्याच्या तोंडाशी कॉर्निया मिळाला.

नवीन काच बसली म्हणजे लगेच लख्ख दिसतं असं नाही. टाके असतात, सूज असते, नजर महिनोन्महिने हळूहळू सुधारते. सर तपासणीला येत राहिले. एकदा आले आणि माझ्या दारात उभे राहिले. मी फाईलमध्ये होतो, काही बोललो नाही. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "साहेब, तुमी असे दिसता होय. मी तुमाले जाड समजत होतो."

माझा आवाज जाड आहे, हे घरचेही म्हणतात.

त्यानंतर आमच्याकडे नोंदणीची पद्धत बदलली. नंबर लिहून घेऊन भागत नाही. पेशंटचा फोन हातात घ्यायचा, त्यात आमचा नंबर घालायचा, त्याला चांदणी द्यायची. मग नको त्या अॅपच्या सूचना एकेक करून बंद करायच्या. सगळ्यांचा आवाज एकदम दाबायचा नाही, कारण सगळं एकदम बंद केलं की नेमकं हवं तेही त्यात जातं. शेवटी समोर बसून फोन लावायचा आणि तो वाजताना ऐकायचा. नंबर बरोबर असणं, फोन चालू असणं आणि माणूस सापडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन गोष्टींची खात्री आम्ही पूर्वीही करायचो.

आता माझ्या खोलीत दिवसभर कोणाकोणाचे फोन वाजतात. कोणाचं भजन, कोणाची बुद्धवंदना, कोणाचं लग्नातलं गाणं. परवा मॅडम वैतागून दारात आल्या, म्हणाल्या, एवढा गोंगाट कसला?

मी म्हटलं, "मॅडम, यादी वाजतेय."

त्या दार लावून गेल्या.