‘आपण’ म्हणायला बंदी

चष्मेवाले काका आयुष्यभर गिऱ्हाइकांना ‘ही काच बरी की ती?’ असं विचारत आले. म्हातारपणी दुकान मुलाच्या हाती दिलं आणि स्वतः शिकायला निघाले. शिकायचं तरी काय, तर दुसऱ्याचा धर्म. थोरले भाऊ म्हणाले, “आपल्या धर्मातलं सगळं तोंडपाठ झालं वाटतं तुझं?” काकांनी ते हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलंच.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांचे गठ्ठे बाजूला सारून हा वर्ग भरे. काकांसारखे काही मुसलमान, काही ख्रिस्ती आणि मधे निवृत्त मास्तर. मास्तर कुठल्या देवाला मानत ते कुणाला कळलं नव्हतं. व्याकरणाला मानत एवढं नक्की. समोरच्याचा धर्म समोरच्यालाच समजावून सांगायचा आणि त्यानं ‘बरोबर’ म्हटलं की मगच खाली बसायचं, हा त्यांचा नियम. त्यात आणखी एक मेख होती. ‘ते’ म्हणा, ‘आम्ही’ म्हणा. ‘आपण’ म्हणायला बंदी.

“‘आपण’ म्हटलं की ऐकणाऱ्याला न विचारताच आत ओढता तुम्ही,” मास्तर म्हणत. कुणाच्या तोंडून तो शब्द निसटला की त्यांची पेन्सिल टेबलावर टक्कन वाजे.

काकांच्या जोडीला सिस्टर आल्या. पहिल्याच दिवशी काकांनी मोठ्या अदबीनं विचारलं, “मठात कधीपासून आहात?”

“दोन मुलं, सासू आणि घोरणारा नवरा घेऊन कुठला मठ मला घेईल? हॉस्पिटलातली सिस्टर आहे मी.”

तेव्हापासून दोघांचं जमलं. एकच देव तिघांत कसा, यावर काकांनी त्यांना भंडावून सोडलं; उपास, नमाज, शेवटचा निवाडा यांवरून सिस्टरनी काकांना. गाडं अडलं ते फक्त क्रूसापाशी. सिस्टरची सगळी श्रद्धा त्या मरणावर उभी. काकांच्या श्रद्धेप्रमाणे ईसा पैगंबर क्रूसावर मेलेच नाहीत. अल्लानं त्यांना आपल्याकडे उचलून घेतलं. हा विषय निघाला की दोघं चहाची वेळ झाली म्हणून उठत.

मग सिस्टरचे यजमान गेले. दुखणं लांबलेलं होतं आणि सगळं सिस्टरनीच घरी केलं. काका भेटायला गेले, चहा प्यायले, पंखा आवाज करतो हे बोलून परत आले. जिच्याशी परलोकावरून एवढं भांडलो, तिच्याशी मरणाबद्दल एक अक्षर बोलता आलं नाही, याची त्यांना शरम वाटत राहिली. खोटं बोलून धीर द्यायचा नव्हता आणि खरं बोलून दुखवायचं नव्हतं. मधलं काही त्यांना सापडेना.

बऱ्याच आठवड्यांनी सिस्टर वर्गाला आल्या आणि बसता बसताच म्हणाल्या, “आज काका क्रूस सांगतील.”

काका उभे राहिले. डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“ते मानतात,” त्यांनी सुरुवात केली, “की माणसाचं दुःख देव लांबून बघत बसला नाही. तो स्वतः त्यात उतरला. तहान, मार, अपमान, सगळं त्यानं सोसलं. सगळ्यांची पापं अंगावर घेतली आणि मेला. म्हणून खाटेवर पडलेला माणूस एकटा नसतो, असं ते मानतात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्याला थडग्यात ठेवलं. वर मोठा दगड लावला.”

एवढं बोलून ते ‘बरोबर’ची वाट पाहत उभे राहिले.

“आणि पुढे?” सिस्टरनी विचारलं.

“पुढे काय?”

“अहो काका, तिसऱ्या दिवशी तो उठला ना. तुम्ही त्याला तिथंच ठेवून आलात की.”

वर्ग हसला. मरण नीट सांगायच्या धास्तीत काका पुन्हा उठणं साफ विसरले होते. त्यांनी कपाळावर हात मारला. सिस्टरही हसल्या आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला.

“तुमचं काही चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. “दगडापर्यंत मीही येते रोज. त्यापुढे अजून जाता येत नाही.”

काकांना त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

“आमच्यात कुणी गेलं की एक वाक्य म्हणतात,” ते म्हणाले. “अरबीत.”

“अर्थ सांगा ना.”

काका सांगायला गेले आणि अडखळले. अरबीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना शब्द एकच. आई गेली तेव्हा, वडील गेले तेव्हा त्यांनी ते वाक्य ‘आम्ही’ धरूनच म्हटलं होतं. दुसरा काही अर्थ निघेल हे कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

“आपण देवाचे आहोत,” ते सावकाश म्हणाले, “आणि आपण त्याच्याकडेच परत जाणार.”

पेन्सिल टेबलाच्या वर थांबलेली होती. मास्तरही सिस्टरकडे बघत होते.

“बरोबर,” सिस्टर म्हणाल्या.

काका खाली बसले.