निळ्या नकाशातला पांढरा ठिपका

किस्से जमवायला कष्ट पडत नाहीत हो! दुबईत एसीच्या फिल्टरमध्ये रेती साठते ना, तसे ते आपोआप साठतात. अधूनमधून झटकावे लागतात, एवढंच.

दोन हजार साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. दुबईच्या 'बर दुबई' भागात आमचं छोटं कन्सल्टन्सी ऑफिस होतं. खाली मीना बाजारातली कापडाची दुकानं, वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. काम काय? तर नेपाळसाठी जलधोरणाचा मसुदा लिहायचा आणि तिथल्या एका नदीवर वीजप्रकल्प आखायचा! खिडकीबाहेर धुळीचं पांढुरकं आभाळ आणि टेबलावर बर्फाचे डोंगर. दुपारी डोळे जड झाले की नकाशातली नदी वाहतेय असं मला खरंच वाटायचं.

*

आमचे साहेब परांजपे. उभी हयात महाराष्ट्रात धरणं बांधून इकडे आलेले. धोरणाचं पहिलं वाक्य त्यांनी आठवडाभर घोळवलं आणि एका सकाळी डिक्टेट केलं, "पाणी ही राष्ट्राची सर्वांत मोठी संपत्ती आहे."

तेवढ्यात वॉचमन दारात. "साब, टंकी में पानी खलास!"

साहेब शांतपणे म्हणाले, "घ्या, दुसरं वाक्यही आलं!"

तिसरं वाक्य मात्र त्यांनी खिडकीबाहेर बघत, फार हळू सांगितलं. "ज्यांची घरं पाण्याखाली जाणार, त्यांना आधी विचारावं." मला ते इतकं आवडलं की मी खाली दोनदा रेघ मारली.

*

संध्याकाळी साहेब क्रीकवर, म्हणजे खाडीवर, अब्रा नावाची होडी पकडायचे. पलीकडे जायचं, होडीतून न उतरता तसंच परत यायचं. याला ते 'फील्ड व्हिजिट' म्हणत! मधोमध आलं की पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे.

"साहेब, समुद्राचंच पाणी आहे. खारटच लागणार."

"माहितेय रे. पण एखाद्या दिवशी चुकून गोडं निघालं, तर आपण नको का इथे?"

*

नकाशे काढायचा टेकबहादूर. चाळिशीचा, अबोल, मूळचा नेपाळचाच. ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, पण साहेबांचा विश्वास टेकबहादूरच्या हातावर. ट्रेसिंग पेपरवर तो शाईनं डोंगर उतरवायचा तेव्हा आम्ही फोनसुद्धा दबक्या आवाजात घ्यायचो.

एकदा तो म्हणाला, "साब, ये नाला गलत है. पानी उधर से आता है."

"अरे, सर्व्हेचा नकाशा आहे तो!"

"सर्व्हेवाला ऊपर चढा ही नहीं. नीचे बैठ के लाइन खींची."

"तुला काय माहीत?"

"चाय मेरी माँ ने पिलाई थी."

आम्ही पोट धरून हसलो. मग हसू विरलं. म्हणजे याची आई त्याच खोऱ्यात राहत होती!

*

साहेबांना उंच धरण हवं होतं. "मरायच्या आधी एकदा ढगांना टेकेल असं बांधायचंय," म्हणायचे. दुसरा पर्याय होता बुटका बंधारा आणि डोंगरातून बोगदा. वीज कमी, पण नदी वाहती राहणार आणि गावंही बुडणार नाहीत. तो पर्याय साहेबांनी रिपोर्टच्या शेवटी चार ओळींत गुंडाळला होता.

उंच धरणाचं बुडीत क्षेत्र निळं रंगवायचं काम टेकबहादूरकडे आलं. त्यानं सगळं खोरं सुरेख रंगवलं. फक्त तिळाएवढा एक ठिपका पांढरा राहिला.

"हे काय राहिलं?" साहेबांनी विचारलं.

"साब, इधर पेन नहीं चलता."

साहेबांनी नवं पेन दिलं. दुसऱ्या दिवशीही ठिपका पांढराच! साहेबांनी भिंग काढून बराच वेळ पाहिलं आणि ते भिंग हातात घेऊनच केबिनमध्ये गेले.

मी एक प्रत शारजाला, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर नेली. मुलगी भिंग घेऊन बसली.

"बाबा, who lives in the white dot?"

"कुणी नाही गं. मिस्टेक आहे."

"Then why is there a tree?"

मी वाकून पाहिलं. एक घर होतं आणि दाराशी एक झाड. दोनदा रेघ मारलेलं ते वाक्य मला आठवलं. टेकबहादूरला कुणीच काही विचारलं नव्हतं, मीसुद्धा. फार लाज वाटली मला.

*

शेवटी नेपाळहून तीन पाहुणे आले. टेबलावर निळा नकाशा अंथरला. टेकबहादूर दाराशी, हात मागे बांधून उभा. साहेब उठले, घसा साफ केला आणि तो नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला!

मग त्यांनी केबिनच्या ड्रॉवरमधून दुसरा ट्रेसिंग पेपर आणला. बुटका बंधारा, बोगदा, वाहती नदी. रेघा थरथरत्या. ड्रॉइंग काढणाऱ्याच्या चौकटीत साहेबांची स्वतःची सही. तपासणाऱ्याची चौकट रिकामी.

साहेबांनी भिंग आणि पेन टेकबहादूरपुढे धरलं. "चेक करो."

टेकबहादूर वाकला. पाहुणे घड्याळं बघायला लागले, तरी तो बघतच होता. अखेर त्यानं मान वर केली.

"साब, सब ठीक है. नींबू का पेड़ थोड़ा और ऊपर है."