बारा मिनिटांची पातोडी

मुलीसाठी मी बायकोच्या पातोडीचा बारा मिनिटांचा व्हिडिओ काढला आणि त्या बारा मिनिटांत पातोडी एकदाही दिसली नाही. दिसलो तो मी. फोनचा सेल्फीचा कॅमेरा चालू राहिला होता.

तुम्ही म्हणाल, समोर स्क्रीन होती ना? होती. पण वाफेनं धुरकटलेला चष्मा मी कपाळावर चढवला होता, आणि त्याच्याशिवाय मला हातातलं काही धड दिसत नाही. स्क्रीनवर गोल, काळपट, तेलकट चकाकणारं काहीतरी हलत होतं. ती कढईच, असं मी धरून चाललो.

मुलीचं लग्न होऊन चार महिने झालेले. ती पुण्यात. रविवारी सासू-सासरे पहिल्यांदाच तिच्या हातचं जेवायला येणार होते आणि तिनं आधीच फुशारकी मारून ठेवली होती, आमच्या यवतमाळची पातोडी खाऊन तर पाहा! बेसन घोटून, थापून कापलेल्या वड्या आणि त्यावर झणझणीत रस्सा. खाल्लेली हजारदा, केलेली एकदाही नाही. आईला फोनवर विचारलं, तर आई म्हणे, "बेसन घ्यायचं एवढं, आन् घोटायचं असं होईस्तोर."

इंटरनेटवरच्या पातोड्याही तिनं पाहिल्या. त्यात नेलपॉलिश लावलेली बोटं अर्ध्या मिनिटात सगळं उरकतात, मागं ढोलकी वाजते आणि शेवटी वरून चीज पडतं.

"बाबा, मले आईचीच पायजे. तुमी शूटिंग करा."

शूटिंग म्हटल्यावर मी हुरळलो. कॉलेजात असताना आम्हा चार टवाळांचं फिल्म मंडळ होतं. परदेशी कलात्मक सिनेमे आणायचो. त्यात एखादा म्हातारा दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसायचा, आम्ही झोपून जायचो आणि उठून त्यावर चर्चा करायचो. तेव्हापासून आपल्याला सिनेमातलं कळतं, अशी माझी समजूत आहे. म्हणून शनिवारी संध्याकाळी एकही कट न घेता सलग चित्रीकरण केलं आणि पुन्हा न पाहता मुलीला पाठवून दिलं.

रविवारी सकाळीच आम्ही मारेगावकडच्या एका खेड्यात साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेलो. तिथं रेंज नव्हती. परतीची एसटी मोठ्या रस्त्याला लागली तसा फोन थरथरायला लागला. मुलीचे नऊ मिस्ड कॉल आणि एक मेसेज, "बाबा, याच्यात तं तुमीच हाये! आई कुठी हाये?"

बायकोनं फोन ओढून घेतला. पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं.

"एक काम सांगतलं होतं तुमाले. पोरीची पहिली पंगत, आन् तुमी सोताचं थोबाड पाठोलं?"

पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागं वळून ते थोबाड पाहून घेतलं. बायकोनं फोन लावला, स्पीकरवर.

"जमलं का वं?"

"जमलं ना आई. बाबाले पाहून केलं."

"बाबाले पाहून?"

"आवाज तं तुहाच होता, पण तू नुसतं एवढं आन् असं करून राह्यली. मंग मी बाबाची मान पाह्यली. तू चाटू फिरोत होती तशी त्यायची मान फिरत होती. मान थांबली तिथं मी गॅस बंद केला. ते ठसकले तिथं तिखट टाकणं थांबवलं. आन् त्यायनं आवंढा गिळला ना, तवा रस्सा उतरवला. सासूबाईनं दोनदा घेतला!"

बायको पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर पाहत बसली. हसत होती की काय, मला नीट दिसलं नाही. चष्मा मात्र या वेळी जागेवर होता.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, पलंगावर बसली आणि तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. मी उगाच दारातल्या चपला नीट करत राहिलो. आतून तिचाच आवाज येत होता, एवढं, असं, एवढं. मग तो थांबला. तिनं थोडं मागं नेऊन तेच पुन्हा पाहिलं. मग आणखी एकदा.

"इकडे या," ती म्हणाली. "इथं रस्स्याले उकळी यायची होती. मी नुसती घाम पुसत उभी होती. मंग इथं तुमी एवढं काय पाहून राह्यले?"

स्क्रीनवर माझी मान थांबलेली होती आणि नजर कढईच्या बरीच वर होती. आमच्या त्या सिनेमांमध्ये अशा जागी कोणी बोलायचं नाही.

तिनं फोन माझ्या हातात दिला.

"हा व्हिडिओ पुसू नोका," ती म्हणाली. "आन् पुढच्या टायमाले दाढी करून उभे राहजा."