प्लास्टिकमागची भिंत

रोह्याच्या दवाखान्यात जाताना वडखळला एसटी थांबली तेव्हा खिडकीतून काकडी घेतली. दोघांत एक. यमुनेने दोन फाका खाल्ल्या आणि म्हणाली, "मीठ कमी लावलंन हिनं." मी म्हटलं, "उतरून सांगतेस का तिला?" हसली. हसता हसता खोकला लागला तो नागोठणं आलं तरी थांबेना. आम्ही नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते... काकडी खाल्ली.

पुढचं वाचून कोणी म्हणेल, बायको गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणा. मी चौथी शिकलेला माणूस, पण भूतखेत कधी मानलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी उठून बाहेर विडी ओढायला जाणार. आजही मानतो असं नाही. झालं ते सांगतो.

आमचं गाव हमरापूरच्या बाजूला. घरातच गणपतीचा कारखाना. मागच्या खोलीत अर्ध्या भागात फळ्यांवर शाडूच्या कच्च्या मूर्ती, अर्ध्या भागात यमुनेचा पलंग. त्या खोलीची भिंत शेताला लागून, पावसाळाभर पलीकडे पाणी. भिंतीची ओल मूर्तीला लागली तर माती सुकत नाही, मग रंग धरत नाही. म्हणून यमुनेने त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत जाड प्लास्टिक ठोकलं होतं, लाकडी पट्ट्या मारून. मूर्ती छान सुकायच्या. प्लास्टिकला कोणी हात लावला की खवळायची. "माझ्या गणपतींचा रेनकोट हाय तो," म्हणायची.

खोकला तिला कित्येक वर्षांचा. आधी फक्त पावसाळ्यात, मग बारा महिने. धाप, बारीक ताप, अंग गळालेलं. रंगाची वाटी हातात धरवेना. पेणला दम्याची औषधं झाली, टीबीची तपासणी झाली — टीबी नव्हता. आणि रोह्याला बहिणीकडे, शेवंताकडे, राहायला गेली की आठवड्यात माणसात यायची. घरी आली की परत तेच. मी विचारायचो, "रोह्याच्या पाण्यात काय हाय गो एवढं?" तर म्हणायची, "पाण्यात काय नाय. तिथं तुमचं तोंड बघावं लागत नाय."

या खेपेला रोह्याच्या डॉक्टरने एक्सरे बघून विचारलं, "घरात ओल आहे? बुरशी?" मी म्हटलं, "नाय साहेब. भिंत कोरडी ठाक हाय." यमुनेला दवाखान्यात ठेवूनच घेतली. संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "अवो, त्या प्लास्टिकच्या मागं काय झालं असंल?"

"काय असणार? भिंत."

"सारिका तिथंच निजते ना पोरीला घेऊन."

सारिका आमची सून. माहेराहून तान्ही लेक घेऊन आली होती. मागच्या खोलीत वारा येत नाही, बाळंतिणीला बरी, म्हणून यमुनेनेच आपला पलंग तिला दिलेला. बाळाची छाती थोडे दिवस घरघरत होती, ते सगळ्यांनी सर्दीवर घातलं होतं.

"फोन करा. तिला म्हणावं, पडवीत नीज."

लावला. लागला नाही. पाऊस असला की आमच्याकडे रेंज जाते. परत लावला, नाहीच.

"मग मीच जाते," म्हणाली.

"जा. नाकातली नळी पण ने संगती." यावर ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला गेली. मी पायाशी होतो, शेवंताने हात धरला होता.

मुलगा कंपनीत शिफ्टला होता, त्याला तिथूनच रोह्याला बोलावून घेतला. सारिका घरी एकटी, ओली बाळंतीण. तिला घरी पोचल्यावरच सांगायचं ठरलं. यमुनेला घेऊन आलेली ॲम्ब्युलन्स मी घराच्या थोडी अलीकडेच थांबवली आणि चालत पुढे आलो, की पोरीला आधी नीट सांगू.

ती पडवीत बसली होती. पाळणाही पडवीत टांगलेला. मला बघून म्हणाली, "आलात बाबा? आईंना एकटीलाच कशाला पाठवलंत पुढं?"

मी म्हटलं, "कोणाला?"

"आईंना. दुपारी आल्या की. मी जेवत होते. खोकत नव्हत्या, वाटलं औषध लागू पडलं. धड बोलल्या पण नाय. पाळणा सोडला, हितं आणून बांधला. म्हणाल्या, पोरीला आत न्यायची नाय गो. मग मागं जाऊन काय काय उचकटत बसल्या. मी भात वाढून हाक मारली तर खोलीत कोणच नाय. वाटलं, तुम्हाला बघायला स्टँडवर गेल्या."

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स दारात आलीच. सारिकाने आधी नवऱ्याचं तोंड बघितलं, मग गाडीच्या आत बघितलं. होती तिथे खाली बसली.

मी मागच्या खोलीत गेलो. प्लास्टिक घडी करून जमिनीवर. पट्ट्या एकावर एक. खिळे रंगाच्या रिकाम्या वाटीत. हे खिळे गंजून भिंतीत बसलेले होते... शिमग्याच्या वेळी एक काढायला गेलो तर पक्कड घसरून माझाच अंगठा फुटला होता. मूर्ती एकही हललेली नाही. आणि भिंत काळी. तव्याच्या बुडासारखी काळी, मधे मधे हिरवट केसाळ ठिपके, आणि पलंगाच्या उशाशी सगळ्यात दाट. वास असा की रंगाच्या वासात जन्म गेलेला मी, मागे सरलो. भिंतीला हात टेकणार होतो, तो टेकवेना.

सारिकाने केलं असेल? तिचा हात वरच्या पट्टीला पोचत नाही, आणि सासू जिवंत समजून माझी वाट बघत बसलेली पोर असलं सोंग कशाला करेल? शेजारपाजारी विचारलं, कोणी आलं नव्हतं. आणि यमुना त्या वेळी रोह्याला होती, माझ्या डोळ्यांसमोर. डोकं फुटेस्तोवर विचार केला. मला अर्थ लागलेला नाही. तुम्हाला लागला तर घरी येऊन सांगा, मी ऐकून घेईन.

दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

सकाळी पडवी माणसांनी भरलेली. मी मागच्या खोलीतून एकेक गणपती उचलून शेजारच्या कारखान्यात नेऊन ठेवायला लागलो. शेवंता आडवी आली. "भावजी, सुतक हाय. गणपतीला हात लावताव?"

म्हटलं, "माती हाय ती अजून. तू सारिकाला नि पोरीला घेऊन रोह्याला जा. आजच जा."

"असं सुतकात घर सोडून?"

"बहिणीला विचार जा," म्हटलं. ती पाळण्याची दोरी सोडायला लागली.

त्या दोघी पोरीला घेऊन रिक्षात बसल्या तोवर मी थांबलो. मग तोंडाला फडकं बांधलं, छन्नी-हातोडा घेतला, आणि उशाच्या बाजूने गिलावा पाडायला सुरुवात केली.