पाण्यासाठी विधानसभेत गेलेल्या विमलताई

नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी मनमाडला आले, तेव्हा आमच्या वस्तीत टँकर आला की झुंबड उडे. पहिल्याच दिवशी माझा हंडा कुणीतरी बाजूला ढकलला. एका बाईंनी तो उचलून रांगेत ठेवला. "नवी सून दिसती. घाबरू नका, तुमचा नंबर हाय." त्या विमलताई. रेल्वे कामगाराच्या पत्नी, बौद्ध वस्तीत शिवणवर्ग चालवणाऱ्या. मी शिकलेली आहे हे कळताच त्यांनी मला संध्याकाळी बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला बसवले. तेव्हापासून मी त्यांच्यासोबत आहे.

पाण्यासाठी ताईंनी किती मोर्चे काढले! प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळे : योजना मंत्रालयात आहे. शेवटी बायकाच म्हणाल्या, "ताई, आता तुम्हीच उभ्या राहा."

"मला गोड बोलता येत नाय," ताई म्हणाल्या. "मी लगेच भांडते."

त्यांचे यजमान शांतपणे म्हणाले, "मग तिथं जाऊनच भांडा की."

पहिल्या निवडणुकीत ताई पडल्या. आम्ही रडत होतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी शिवणवर्ग उघडला. पुढच्या निवडणुकीत त्या आमदार झाल्या आणि सभागृहात पाण्याचा प्रश्न इतक्या वेळा उठवला, की योजना मंजूर झाली.

खरी परीक्षा त्यानंतर आली. शहराकडे येणारी पाइपलाइन दोन गावांच्या शेतांतून जाणार होती, पण त्या गावांना पाणी मिळणार नव्हते. त्यांना जोडायचे तर आराखडा बदलावा लागणार, काम लांबणार. ताईंच्या पक्षाच्या लोकांनी सांगून पाहिले की शहराची मते जातील. मलाही ताई चुकताहेत असे वाटले आणि मी तसे बोललेही. ताईंनी ऐकून घेतले, पण आराखडा बदलायला लावलाच.

पहिल्या मोर्चापासून सोबत असलेल्या यशोदाबाई भर बैठकीत उठल्या. "ताई, मतं आमी दिली आन् पाणी त्यांना?"

"यशोदा, पाइप त्यांच्या रानातून येणार. त्यांच्या बायांनी तो नुसता बघत बसायचा का?"

"आमी अजून एक उन्हाळा काढायचा?"

"काढायचा. मी पण तुझ्यासंगं टँकरपाशी उभी राहीन."

यशोदाबाई उठून गेल्या. त्या उन्हाळ्यात ताई खरोखर रांगेत उभ्या राहिल्या. यशोदाबाई मात्र त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग निवडणूक आली आणि शहराने ताईंना पाडले. पाणी आले, शहरातही आणि गावांतही, तेव्हा ताई आमदार नव्हत्या.

पाणी आल्याच्या दिवशी त्या दोन गावांतल्या बाया टेम्पो करून ताईंच्या घरी आल्या. ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आत चहाचे आधण कोणी टाकले म्हणून पाहायला गेले, तर चुलीपाशी यशोदाबाई होत्या. ताई दाराशी आल्या. यशोदाबाईंनी वर न बघता विचारले, "साखर कुठं ठेवलीस गं?" इतक्या वर्षांत त्या ताईंशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या. ताईंनी डबा काढून दिला आणि पदराने डोळे टिपले.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवायची सवय अजून गेलेली नाही. ताईंनी त्या वेळेवर घ्याव्यात, दुपारी घटकाभर पडावे, आणि अजून पुष्कळ वर्षे कुणाच्याही दारात उभे राहून हक्काने म्हणावे, "चल गं, काम आहे." आम्ही चपला घालून तयार आहोत.