चित्रकला सोडलेला माणूस

माझ्या ओळखीत चित्रकला सर्वांत जास्त वेळा सोडलेला माणूस म्हणजे सोलापुरातला आमचा खोलीवरचा जोडीदार. लोक विडी सोडतात, तंबाखू सोडतात आणि गुपचूप पुन्हा सुरू करतात. हा पठ्ठ्या चित्रकला सोडायचा, तीही चारचौघांना बोलावून. एखादं चित्र बिघडलं की आधी ते बादलीत बुडवायचा. बाहत्तरच्या दुष्काळात पाण्याची जी बोंब होती ती पाहता, तेवढ्यासाठीच त्याला दोन फटके द्यायला हवे होते. मग सुरू व्हायची निरवानिरव. रंगांची पेटी शेजारच्या खोलीत, ड्रॉइंगचा बोर्ड खानावळीच्या मावशींना पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून, आणि त्याला जिवापेक्षा प्यारा असलेला सहा नंबरचा ब्रश मला. "आता तुमी तरी कायतरी करा," असं तो म्हणायचा तेव्हा त्याचा आवाज अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसारखा यायचा. आठवडा उलटायच्या आत "जरा बघू" म्हणत एकेक वस्तू परत घेऊन जायचा. आम्हीही त्या जपून ठेवायचो, हात लावायचो नाही. बोर्ड तेवढा पिठासकट परत यायचा.

चित्रकला वर्गात आम्ही दोघं शेजारी बसायचो. काम सुरू करण्याआधी तो शर्ट काढून उलटा घालायचा, म्हणजे रंगाचे डाग आतल्या बाजूला पडावेत. हिशेब बरोबर होता, पण शर्ट पुन्हा सुलटा करायचं त्याच्या कधीच ध्यानात राहायचं नाही. खानावळीत, बाजारात, एकदा तर एका लग्नातही तो खिसे आत आणि शिवण बाहेर अशा थाटात वावरला. दुसरी खोड रंगांची. कुठलेही दोन रंग त्याच्या हाती लागले की त्यांची राख व्हायची. त्याचं सफरचंद पाहून सर एकदा म्हणाले, "अहो, हे फळ आहे की जातं?" त्या दिवशी पेटी पुन्हा शेजारच्या खोलीत गेली. एका मडक्यासमोर तो अख्खी दुपार बसायचा, कडेवर उजेड नेमका कुठं थांबतो ते बघत. मला मडकं दहा मिनिटांत जमायचं, आणि त्याचा मला गर्वही होता.

त्या दिवाळीला तो जेऊरकडे, आपल्या गावी जाऊन आला आणि या वेळी कुणालाच काही मिळालं नाही. त्यानं ब्रश धुतले, उन्हात वाळवले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिले. ना भाषण, ना निरवानिरव. मी हादरलो. काय झालं म्हणून विचारलं तर बराच वेळ तो नखाखालचा रंग कोरत बसला.

"आबा दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. आई बी. मी हितं मडक्यावरचा उजेड बघतोय," तो म्हणाला. "माझं येक चित्र कमी झालं तर कुणाचं काय अडणार हाय, सांग की."

महिनाअखेर खोली सोडून गावी कामावर जायचं त्यानं ठरवलं होतं. वर्गात त्याचं स्टूल रिकामं राहू लागलं. दिवसभर तो खिडकीत बसून असायचा, शर्ट सुलटा घालून, आणि त्याला तसं पाहून मला रडू यायचं.

अशात एका सकाळी खानावळीच्या मावशींनी त्याला गाठलं. मावशी मूळच्या मंद्रूपच्या. नवरा गिरणीत होता, तो वारल्यावर त्यांनी खानावळ घातली. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता.

"आमच्या ह्यांचं चित्र काढ की," मावशी म्हणाल्या. "हळद लागल्यावर पोरीनं पाया कुणाच्या पडायचं?"

"मावशी, मी चित्रकला सोडलीया."

"मग लगीन झाल्यावर सोड की."

त्यानं खोलीवर येऊन ट्रंक उघडली. पण न पाहिलेला माणूस काढायचा कसा? नाक कसं होतं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "दिराचं हाय तसंच, पर इतकं आगाऊ न्हाय." कपाळ लेकीनं उचललं होतं, कान नणंदेकडे होते. मंद्रूपच्या बाजाराच्या दिवशी तो मला घेऊन दिराचं नाक आणायला गेला. दीर पटका बांधून, मिशीला तेल लावून लिंबाखाली बसले, भोवती गाव जमलं. बघतात तर कागदावर नुसतं नाक! "आन् बाकीचा मी कुटं गेलो?" असं म्हणून ते जे रुसले ते आम्हाला चहा पाजेपर्यंत.

मग चित्रं सुरू झाली. एक झालं की तो चुलीपुढं नेऊन धरायचा. मावशी भाकरी थापता थापता वर बघायच्या. "ह्यो तलाठी दिसतोय." पुढच्या वेळी, "ह्यो लई हुशार दिसतोय, आमचे हे न्हवते तसले." एरवी एवढ्यावर त्यानं दहा वेळा संन्यास घेतला असता. आता मात्र तो गुमान खोलीवर यायचा, शर्ट उलटा करायचा आणि नवा कागद ताणायचा. ब्रश काही माझ्याकडे आला नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी त्यानं शेवटचं चित्र नेलं. राखेच्याच रंगाचं. मावशींनी वर पाहिलं. पिठानं भरलेला हात तसाच वर गेला, त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि उठून भिंतीला सरकून उभ्या राहिल्या, मान खाली घालून. तव्यावर भाकरी करपली.

"गिरणीतनं यायचे तवा ह्योच रंग असायचा," त्या हळूच म्हणाल्या. "कापूस बसायचा अंगावर."

तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. "अडलं व्हतं की रं," एवढंच म्हणत राहिला. गावी जायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. तो परीक्षेला बसला, कसाबसा पासही झाला, आणि खोली सोडताना त्यानं सहा नंबरचा ब्रश माझ्या हातात ठेवला. "ह्यो आता तुलाच. मागाया येत न्हाय मी."

त्यानं चित्रकला पुन्हा कधी सोडली नाही. गावाकडच्या एका शाळेत तो चित्रकलेचा मास्तर आहे आणि शर्ट उलटा घालूनच वर्गावर जातो, असं कुणीकुणी सांगतं. माझी चित्रकला कधी सुटली ते मला कळलंच नाही. नोकरी लागली, पुढच्या रविवारी काढू म्हणत गेलो आणि बसणं राहून गेलं. मी कुणाला काही वाटून दिलं नाही, कुणी काही जपूनही ठेवलं नाही. तो ब्रश माझ्या कपाटात आहे. केस ताठ झालेत. दारावर थाप पडावी आणि उलट्या शर्टातल्या त्या वेड्यानं "जरा बघू" म्हणत हात पुढे करावा, असं हल्ली फार वाटतं.