पूजलेल्या यंत्रापुढे बूट

धाराशिवच्या एका संस्थेच्या उपचार केंद्रात मुलांना चालायला शिकवणारं यंत्र आलं, तेव्हा उद्घाटनाची बातमी मीच लिहिली. नारळ फुटला, लोखंडी चौकटीला हळदीकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. पाहुणे म्हणाले, आता जिल्ह्यातली लेकरं धावतील. लेकरं तेव्हा मागच्या रांगेत आयांच्या मांडीवर होती. पुढच्या खुर्च्या राखीव होत्या.

त्या रांगेत माझी भाची होती. वय सात, मुक्काम तेर. सेरेब्रल पाल्सीमुळे तिच्या पोटऱ्या आखडलेल्या. ती चवड्यांवर चालते, टाच जमिनीला लागत नाही. सोलापुरात तिच्या पोटऱ्यांत इंजेक्शनं दिली होती. त्यामुळे स्नायू सैल पडतात, पण काही महिनेच. तेवढ्या काळात टाच टेकवायची सवय लागली तर लागली, असं डॉक्टरांनी माझ्या बहिणीला सांगितलं होतं. पाऊल सरळ धरायला प्लास्टिकचं स्प्लिंट होतं. ते बुटात बसतं, बुटाशिवाय घसरतं.

यंत्र समजायला सोपं आहे. वरून लोंबणाऱ्या जाकिटात मूल अडकवायचं. खाली पट्टा फिरतो, समोरच्या पडद्यावर एक कोंबडी असते. मूल पाऊल टाकेल तशी ती पुढे जाते.

पूजेच्या दिवशी सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, ते रीतीला धरून होतं. दुसऱ्या दिवशीही कुणी घालून आत गेलं नाही. लवकरच दारावर पाटी लागली: पादत्राणे बाहेर काढावीत. मुलांचे बूट आणि बुटांतली स्प्लिंटं बाहेरच्या मांडणीवर जाऊ लागली. मुलं अनवाणी लोंबू लागली, चवडे पट्ट्यावर घासत. यंत्र तीही पावलं मोजत होतं. लातूरहून येणाऱ्या फिजिओंनी सुरुवातीला हरकत घेतली. पुढे ते स्वतःचे बूटही मांडणीवर ठेवू लागले.

एका सोमवारी मीही बहिणीसोबत गेलो, तेव्हा ती दारात अडली.

“ताई, बूट बाहेर,” केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले.

“साहेब, स्प्लिंट बुटातच हाय. टाच टेकायची कशी?”

“मशीनची पूजा झालीय.”

“दसऱ्याला रिक्षाची बी पूजा करत्यात. तुमी काय अनवाणी बसता व्हय तिच्यात?”

बाकावरच्या आया हसल्या. व्यवस्थापकांना श्रद्धा सोडून विज्ञानाकडे यावं लागलं. रबराचा पट्टा नाजूक असतो, बुटाची माती त्यात जाते, असं त्यांनी सांगितलं. यंत्राच्या बाजूला कंपनीनं चिकटवलेल्या चित्रातलं मूल बूट घालून चालत होतं. मी ते दाखवलं.

“ते परदेशातलं आहे,” ते म्हणाले.

त्या दिवशी भाची अनवाणीच लोंबली. बहिणीने वाद वाढवला नाही. पुढच्या खेपेला तिने नवे कोरे बूट आणले, दाराबाहेर पोरीला स्प्लिंटसकट चढवले, तिला उचलून उंबऱ्यावरून आत नेलं आणि थेट जाकिटात अडकवलं.

“भुईला टेकले न्हाईत बूट. माती दावा, साहेब.”

व्यवस्थापकांनी वाकून बुटांचे तळ तपासले. माती सापडली नाही. ते पाटीकडे बघत राहिले, मग फिजिओंना म्हणाले, “करा चालू.”

“आई, कोंबडी लई हळू चाललीय,” भाची कुरकुरली.

“जाऊ दे तिला. तू तुझी टाच बघ.”

टाच टेकली. मग दुसरी. कोंबडी रेंगाळत राहिली. चवडे घासणाऱ्या मुलांसाठी ती पडदाभर पळायची. वेळ संपल्यावर व्यवस्थापकांनी पडद्यावरचा पावलांचा आकडा वाचला आणि समाधानाने मान हलवली.

“बघा. बुटांमुळं पावलं कमी पडली.”

आता सगळ्याच आया बूट घातलेली लेकरं कडेवर घेऊन उंबरा ओलांडतात. नियम मोडलेला नाही, म्हणून कुणाची तक्रार नाही. चालायला शिकणाऱ्या मुलांनी केंद्रात चालत येऊ नये, अशी एकूण व्यवस्था आहे. भाचीची टाच यंत्रावर टेकते. दारापासून यंत्रापर्यंतच्या फरशीवर मात्र तिला अजून कुणी चालू दिलेलं नाही.